तुझ्या नावावरचा होकार

कुंदा, रविवारी तुझ्या जलदान विधीला आपल्या कंपनीचे साहेब आले, तुझ्या फोटोसमोर उभे राहिले आणि माइक हातात घेऊन खोटं बोलले. की खरं बोलले? त्या क्षणी मला ते कळलं नाही, म्हणून तर जास्त राग आला.

तू कुठे जन्मलीस, काय शिकलीस, कंपनीत कधी लागलीस हे सगळं मांडवाच्या बॅनरवर छापलेलं होतं. त्यात तुझं पदही चुकवलेलं होतं. ते मी इथे पुन्हा लिहिणार नाही. तू असतीस तर बॅनर उतरवून घेतला असतास, एवढंच सांगते.

बौद्धाचार्यांनी त्रिसरण-पंचशील घेतलं. पांढऱ्या साडीतली तुझी आई फोटोपुढच्या मेणबत्त्या वाऱ्याने विझू नयेत म्हणून हात आडवा धरून बसली होती. मग साहेब उठले. म्हणाले, "कुंदाताई आमच्या कारखान्याचा कणा होत्या. हट्टी होत्या, पण समजूतदार. मी भेटायला आलो होतो तेव्हा आपल्या बुरशीवरच्या गोळीच्या बाटलीला त्यांनी स्वतः होकार दिला. ती बाटली आम्ही त्यांच्या स्मृतीस अर्पण करणार आहोत." पॅकिंगच्या दोघातिघांनी टाळ्या सुरू केल्या, आजूबाजूला बघितलं आणि थांबवल्या.

मी मागच्या खुर्चीवर होते. अंगाचा नुसता तिळपापड झाला. तुझ्या दारात, तुझ्या आईसमोर, जी गोष्ट अडवायला तू जिवाचं रान केलंस तीच गोष्ट तुझ्याच नावाने गळ्यात मारून हा माणूस बुंदीचा द्रोण हातात घेऊन उभा. आणि मी उठून काही बोलू शकत नव्हते, कारण तू हो म्हणाली होतीस की नाही हे मला माहीतच नव्हतं. हे तू मला सांगून जायला हवं होतंस. बाकी सगळं मी माफ करते, हे नाही.

हे वाचणाऱ्यांना आपली गोळी माहीत नाही. म्हणून तुला माहीत असलेलं तुलाच सांगते. चुकलं तर नेहमीसारखी तोंड वाकडं कर.

ते औषध पाण्यात विरघळायचं नाही. त्याचे खडे म्हणजे दगडच. पोटात जसे जायचे तसे बाहेर पडायचे, आणि बाईच्या पायाच्या बोटांमधल्या चिखल्या किंवा कमरेवरचं गजकर्ण जिथल्या तिथे. तू ते औषध एका पॉलिमरबरोबर विरघळवून गरम हवेत फवारलंस आणि झटकन सुकवलंस. इतकं झटकन, की औषधाच्या कणांना शेजारी शेजारी रांगेत बसून खडा व्हायला सवडच मिळाली नाही. झाली ती काचेसारखी पूड. तिची गोळी पोटात गेल्या गेल्या विरघळायची. पहिली बॅच मी डिझोल्यूशनच्या, म्हणजे गोळी किती विरघळते ते मोजायच्या यंत्रात लावली तेव्हा तू माझ्या पाठीमागे उभी राहून नखं खात होतीस. पाण्यात गोळी विरघळताना बघून तू माझ्या वेणीला हिसडा दिलास. एवढी शिकलेली बाई, आणि आनंद झाला की वेण्या ओढायच्या.

पण त्या पॉलिमरची एक खोड होती. हवेतलं पाणी ओढायचा. पाणी आत शिरलं की सगळं सैल पडतं, कण हलायला लागतात, एकमेकांना गाठतात आणि पुन्हा खडे होतात. गोळी बाहेरून तशीच दिसते. औषध मोजा, पुरतं भरतं. फक्त ती गोळी उपयोगाची राहत नाही. म्हणून तू अ‍ॅल्युमिनियमच्या स्ट्रिपसाठी हटून बसलीस. प्रत्येक गोळी आपल्या बंद खणात, खाईपर्यंत हवा लागायची नाही. तुझे बाबा भातसानगरला धरणावर नोकरीला होते. तू म्हणायचीस, "बाबाचा जल्म मुंबयला पानी पाठवण्यात गेला, माझा पानी अडवण्यात चाललाय." हे वाक्य तू इतक्यांदा म्हणालीस की एकदा मी तुला डब्यावरून उठवलं होतं.

साहेबांना हे समजावताना तू शहापूरच्या बाजारातून लेमनच्या गोळ्या आणल्या होत्यास, आठवतं? मीटिंगमध्ये प्रत्येकाच्या पुढ्यात दोन-दोन ठेवल्यास. एक ताजी, काचेसारखी आरपार. दुसरी श्रावणात आठवडाभर खिडकीत ठेवलेली, आधी चिकट झालेली आणि मग वरून पांढरी, रवाळ. "साखर कुठं गेली का?" तू विचारलंस. साहेब म्हणाले, नाही. "मग काच कुठं गेली?" साहेबांनी ताजी गोळी उचलून तोंडात टाकली. स्ट्रिप मंजूर झाली ती त्या दिवशी, आणि मला अजून वाटतं की साहेबांना त्यातलं काही कळलं नव्हतं. तुझ्याशी वाद घालायचा कंटाळा आला होता.

मग आली ती बाटली.

गोळी चालायला लागल्यावर मुरबाड आणि शहापूर तालुक्यातल्या डॉक्टरांनी बाटली मागितली. आपल्याकडे डॉक्टर स्वतःच औषध देतो. आमच्या धसईचा दवाखाना तू पाहिलेला आहेस. कंपाउंडर मोठ्या बाटल्यांतून गोळ्या कागदावर ओततो, सकाळ-दुपार-संध्याकाळच्या पुड्या बांधतो आणि खिडकीतून बाहेर सरकवतो. बाजाराच्या दिवशी भात आणि भाजी विकून आलेल्या बायकांची रांग असते. त्याला एकेक गोळी स्ट्रिपमधून फोडत बसायला वेळ कुठला? साहेबांनी बंद बाटली आपल्या दमट चेंबरमध्ये ठेवायला लावली. सील न तोडता महिनोन्महिने ठेवली. पास झाली. होणारच. बंद बाटली पास होते हे सांगायला प्रयोगशाळा कशाला हवी? तू विचारलंस, "ही बाटली धसईत दिवसातून कितींदा उघडणार? आतली ओल शोषनारी सिलिकाची पिशवी कंपाउंडर पहिल्याच दिवशी काढून फेकनार, गोळ्या ओतताना मधी येते म्हनून. आनि पुडी? पुडीचं टेस्टिंग कोन करनार?"

आणि इथे मी तुझ्या बाजूने नव्हते. हे आज सगळे विसरलेत, कारण तुझ्या तोंडाला तोंड देणारी मी एकटी होते. मी म्हणाले होते, धसईच्या बाईला स्ट्रिप परवडत नाही. डॉक्टर ती ठेवणारच नाही, दुसरं काहीतरी स्वस्तातलं मलम देईल. बाटलीतली गोळी थोडी कमी लागू पडेल, पण पोचेल तरी. तू भडकलीस. म्हणालीस, अर्धवट विरघळलेलं औषध म्हणजे बुरशीला सराव, पुढच्या वर्षी पुरतं औषधही तिला जुमानणार नाही. मी म्हणाले, तू पुढच्या वर्षाचं बोलतेस, ती बाई आज खाजवतेय. तू म्हणालीस, "मंगल, तू साहेबांची वकील झालीस काय गो?" त्या दिवसापासून मी तुझ्या शेजारी डबा खाल्ला नाही. तुझी सुकट दुसऱ्या टेबलवरून वास मारत होती आणि मी हटून भेंडी खात होते.

मग तू ते केलंस जे तुझ्याशिवाय कुणाच्या डोक्यात आलं नसतं. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत किन्हवलीला तुझ्या काकीकडे पुड्या आणि कापलेल्या स्ट्रिपचे तुकडे दिलेस. दवाखान्यातली पुडी बायका घेऊन करतात काय, तर दुपारचा डोस कनवटीला खोचतात आणि शेतात उतरतात. गुडघाभर चिखल, डोक्यावर इरलं, कंबर वाकलेली, अंगाची ऊब, घाम आणि पाऊस. आपली दमट चेंबर याच्यापुढे शंकराचं थंडगार देऊळ. तू काकीला म्हणालीस, खायच्या नाहीत, नुसत्या कमरेला बाळगायच्या, संध्याकाळी परत द्यायच्या. मला तू मुद्दाम घेऊन गेलीस, साक्षीदार म्हणून. काकी बांधावर उभी राहून पुडी काढत म्हणाली, "ती चांदीची टोचतं गो पोटाला. कागदाची बरी. पन औषद खायाचं नाय नि कमरंला बांदायचं, ह्यो काय परकार हाय? ताईत हाय काय?"

तू एवढी हसलीस की चिखलात बसलीस. त्या दिवशीची तू मला सगळ्यात जास्त आठवतेस, आणि मला तेही आवडत नाही. मला तू भांडताना आठवायला हवी आहेस, कारण भांडणच बाकी आहे.

आठवड्याभराच्या पुड्यांतल्या गोळ्या मी तपासल्या. बोटांनी दाबल्या तर मऊ. वजन वाढलेलं. कुटून सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्या. प्रकाश गाळणाऱ्या त्या खास काचा लावल्या की काचेसारखी पूड काळी राहते आणि खडा असला तर चमकतो. अंधारात नुसतं टिपूर चांदणं पडलेलं होतं. स्ट्रिपच्या तुकड्यातली पूड काळीशार. डिझोल्यूशनला लावलं तर पुडीतली गोळी तळाशी भुगा होऊन बसून राहिली. आत औषध किती? पुरतं. ते बघून मी तुझ्या टेबलाशी आले आणि डबा ठेवला. तू सुकट पुढे सरकवलीस.

साहेब काय म्हणाले, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "औषध पुरतं आहे ना? मग प्रश्न काय? आणि हे कमरेला बांधणं कुठल्या गाइडलाइनमध्ये आहे?" तू म्हणालीस, "आवणीच्या." खोलीत कुणी हसलं नाही. बाटलीचा विषय बंद होऊन फळीवर गेला, पण तुझ्या वाट्याला पगारवाढही आली नाही त्या वर्षी. आपल्या देशात माणूस औषध खातो कुठे आणि कसं, हे बघायला गाइडलाइन लागते, आणि न बघायला कुणाचीच परवानगी लागत नाही. दमट हवेतल्या माणसासाठी गोळी करायची आणि दमट हवा म्हणजे त्या माणसाची चूक, असं धरून चालायचं. बाई पुडी कनवटीला खोचते, तर म्हणे तिने नियमाप्रमाणे ठेवावी. थंड आणि कोरड्या जागी. किन्हवलीला आषाढात थंड आणि कोरडी जागा कुठे असते ते मला साहेबांनी दाखवावं. मी स्वतः भाड्याने घेईन.

तुझं दुखणं कळलं आणि तू रजेवर गेलीस, त्याच महिन्यात बाटली फळीवरून खाली आली. लाज नावाची गोष्ट असते की नाही? मी रागारागाने तुझ्याकडे आले. मुंबईच्या इस्पितळातून तुला नुकतं घरी आणलं होतं. तू ओसरीच्या आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली. हाताची काठी झाली होती. मी एवढी घाबरले की एकदम बाटलीचंच बोलायला लागले. साहेब असं करतायत, पॅकिंगला ऑर्डर गेली, तू एक फोन कर. तू तोंड माझ्याकडे वळवलंस. मग म्हणालीस, "तू बघ ना गो आता."

मी म्हटलं, "मी बघू म्हंजे काय? गोळी तुझी हाय."

तू डोळे मिटलेस. ते उत्तर होतं की थकवा होता? मला तुझा एवढा राग आला की मी चादर नीट करत बसले. एसटीची वेळ झाली म्हणून उठले. वाटलं, पुढच्या रविवारी येऊन चांगलं भांडते. पुढच्या रविवारी तू नव्हतीस.

एक गोष्ट तेव्हा बोलायची होती, आता बोलते. माझा धाकटा झाल्यावर मी कामावर परत आले तेव्हा मला लॅबमधून काढून पॅकिंगला टाकायचं ठरलं होतं. ते रद्द कसं झालं हे मला खूप उशिरा शिपायाकडून कळलं. तू साहेबांच्या दारात उभी राहून म्हणाली होतीस, "मंगल लॅबमध्ये नसेल तर माझ्या गोळ्या कोण तपासणार, तुम्ही?" मला तू एका शब्दाने बोलली नाहीस. मी विचारलं असतं तर उडवून लावलं असतंस. आज लॅब माझ्याकडे आहे, माझा रिपोर्ट गेल्याशिवाय कुठलीही नवीन पॅकिंग बाहेर पडत नाही, ते तुझ्यामुळे. हे मी तुझ्या तोंडावर बोलायला हवं होतं, आणि तू ते ऐकून घ्यायला हवं होतंस. दोघींनाही जमलं नसतं.

तर रविवारी पाहुणे पांगल्यावर मी तुझ्या आईजवळ गेले. भांडी आवरत होती. मी सरळ विचारलं, साहेब आले होते तेव्हा ती हो म्हणाली काय?

आई म्हणाली, "म्हनाली ना. हो म्हनाली."

मग तिने परात पालथी घातली आणि म्हणाली, "ती हो हो करी गो. सगल्यांनाच हो करी. डाक्टरला हो, मना हो, शेजारनीला हो. त्ये साहेब कायतरी बाटली बाटली करत व्हते, तिला पार कल आली व्हती. हो म्हनलं का मानूस जातं ना लवकर. तुला पन हो म्हनाली नाय काय?"

मला हो नाही म्हणाली. मला "तू बघ" म्हणाली. तुझ्या आईसमोर मी रडले नाही, मोरीत जाऊन परात पुन्हा एकदा घासली. ती घासलेलीच होती.

कळ येत असलेल्या बाईच्या तोंडातून निघालेला होकार घेऊन हा माणूस मुरबाडला कारखान्यात गेला. मोटारीत बसून तो होकार त्याने सांभाळून नेला असेल, थंड आणि कोरड्या जागी. आणि विधीला माइकवर उघडला. कुंदा, मला त्याचं नवल नाही. तो तसाच आहे. मला राग याचा आहे की मांडवातल्या सगळ्यांना ते बरं वाटलं. हट्टी बाई शेवटी ऐकते, ही गोष्ट लोकांना फार आवडते. जाताना दोघेजण मला म्हणाले, बरं झालं, समाधानाने गेली. समाधानाने? तुला पाणी पचत नव्हतं.

सोमवारी मीटिंग होती. तुझ्या खुर्चीवर कुणीतरी बॅग ठेवली होती, मी ती उचलून खाली ठेवली. साहेब म्हणाले, "कुंदाताईंचा होकार आहेच. मंगलताई, तुमचा रिपोर्ट आला की बाटली बाजारात."

माझ्या तोंडावर आलं होतं की तुम्ही खोटं बोलताय, ती मला शेवटपर्यंत नाही म्हणाली होती. सहज खपलं असतं. तू काही येऊन सांगणार नव्हतीस. मग वाटलं, तू काय ओलं धुणं आहेस? एका टोकाला त्यांनी धरायचं, दुसऱ्या टोकाला मी, आणि दोघांनी पिळत बसायचं? मी म्हटलं, "कुंदा हो म्हणाली असेल. मी नाय म्हणते."

साहेब म्हणाले, "गेलेल्या माणसाच्या शब्दाला काही किंमत असते."

"होती तेव्हा का नव्हती?" मी विचारलं.

मग मी सांगितलं की उघडलेल्या बाटलीचा रिपोर्ट देईन, बंद बाटलीचा देणार नाही. ह्या पावसाळ्यात बाटली धसईच्या दवाखान्यात राहील, कंपाउंडर ती रोजच्यासारखी उघडेल, पुडी बांधेल, पुडी बायांच्या कमरेला जाईल, आणि तिथून परत आलेली गोळी विरघळली तर मी सही करीन. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि पुढचा विषय घेतला. म्हणजे पावसाळ्यापुरती तरी बाटली थांबली. मला काढून टाकलं नाही तर.

तू जिंकलीस असं समजू नकोस. मीटिंगहून मी एसटीने घरी गेले. बाजाराचा दिवस होता. दवाखान्याच्या खिडकीशी एक बाई उभी होती, पायाच्या बोटांमध्ये चिखल्या कुजलेल्या. कंपाउंडर तिला सांगत होता, ती गोळी आपल्याकडे नाही, महाग असते, हे मलम लाव. ती हो म्हणाली आणि मलम घेऊन निघाली. मी तिच्या मागे दोन पावलं गेले आणि थांबले, कारण तिला सांगायला माझ्याकडे काहीच नव्हतं. सकाळी मी जी बाटली अडवली ती हिच्यासाठीच अडवली, आणि हिच्याच हातात मलम होतं. याचं उत्तर तू मला कधी दिलं नाहीस. भडकायचीस, सराव-सराव म्हणायचीस आणि विषय बदलायचीस. आता हे भांडण मला एकटीला दोन्ही बाजूंनी भांडावं लागतं, आणि तुझी बाजू मला नीट येत नाही, कुंदा.